एपीटीला धक्का न लावता सोर्समधून सॉफ्टवेअर बसवणं: उबुंटू २२.०४ वर टेसरॅक्ट ५, पायरीपायरीने

टेसरॅक्ट म्हणजे चित्रातला मजकूर ओळखणारं (ओसीआर) सॉफ्टवेअर. उबुंटू २२.०४ वर एपीटीने, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या साधनाने, ते टाकलं की ४.१.१ मिळतं. छापील मराठी पानांतून मजकूर काढणाऱ्या बऱ्याच जणांना पाचवी आवृत्ती हवी असते. मग सगळीकडे एकच प्रकार दिसतो. कुठून तरी पाच ओळींची कृती उचलली जाते, सोर्स (प्रोग्रॅमचा मूळ कोड) उतरतो, प्रत्येक ओळीला सुडो (रूटचे, म्हणजे मशीनच्या मुख्य वापरकर्त्याचे, हक्क देणारी कमांड) लागतो. चूक आली की 'दोन आवृत्त्यांचा गोंधळ होतोय' म्हणून एपीटीचं पॅकेज काढलं जातं, त्यावर अवलंबून असलेलं, स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मजकूर भरणारं ओसीआर-माय-पीडीएफही त्याच्याबरोबर जातं, आणि हाती दोन अर्धवट गोष्टी उरतात.

त्या पाच ओळी बहुतेक वेळा बरोबर असतात. पण त्या चालवण्याआधी काय ठरवायचं आणि प्रत्येक ओळीनंतर काय तपासायचं, हे त्यांच्यात कुठेच नसतं. हा लेख त्यासाठी आहे. उदाहरण टेसरॅक्ट ५.५.० चं घेतलं आहे, पण कॉन्फिगर (मशीन तपासून तयारी करणारी स्क्रिप्ट) आणि मेक (कोडपासून प्रोग्रॅम बांधणारी कमांड) वापरणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला हाच क्रम लागू पडतो.

एक सूचना आधीच: खाली कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत, इंग्रजी अंक वापरून टाइप करायच्या. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे. आडव्या रेघा, ठिपके आणि तिरक्या रेघा जशा दिसतात तशाच ठेवायच्या.

१. सोर्स खरंच लागतो का, ते आधी बघा

पहिली कमांड ही:

एपीटी पॉलिसी टेसरॅक्ट-ओसीआर

तुमच्या मशीनला आज कुठली आवृत्ती मिळू शकते ते यातून कळतं. उबुंटू २४.०४ वर एपीटीतच ५.३.४ आहे आणि डेबियन १२ वर ५.३.०. तुम्ही तिथे असाल तर इथेच थांबा आणि एपीटीचंच वापरा. एपीटीने बसवलेल्या सॉफ्टवेअरचे सुरक्षा अपडेट एपीटीमार्फतच येतात. सोर्समधून बसवलेल्याची जबाबदारी कायमची तुमच्यावर येते. डेबियनवर असाल तर बॅकपोर्ट्समध्येही (जुन्या डेबियनसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या साठ्यात) डोकावा.

पीपीए, म्हणजे बाहेरच्या कोणी चालवलेला पॅकेजांचा साठा, हाही एक मार्ग आहे. मात्र पीपीए जोडणं म्हणजे एका अनोळखी माणसाला तुमच्या मशीनवर रूटच्या हक्काने पॅकेज बसवू देणं. त्याच्यावर तेवढा विश्वास असेल तरच तो जोडावा.

काही गोष्टी सोर्समधून बसवून मूळच्या जागी ठेवायच्याच नाहीत. पहिली ग्लिबसी, सी भाषेची पायाभूत लायब्ररी. मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर उभा आहे. दुसरी सिस्टिमची पायथन. ॲड-एपीटी-रिपॉझिटरी, अनअटेंडेड-अपग्रेड्स ही साधनं पायथनमध्येच लिहिलेली आहेत, त्यामुळे पायथन-३ या नावामागची आवृत्ती बदलली की एपीटीची कामं अडतात. वेगळी पायथन हवीच असेल तर 'मेक इन्स्टॉल' न वापरता 'मेक ऑल्टइन्स्टॉल' वापरा. त्यात पायथन-३ हे नाव लिहिलंच जात नाही, फक्त पूर्ण आवृत्तीक्रमांकाचं नाव तयार होतं.

तिसरी कर्ल, नेटवरून फाइली आणणारी कमांड आणि तिची लायब्ररी. तिचं उदाहरण थोडं खोलात बघण्यासारखं आहे, कारण पुढची पायरी त्यावरच ठरते.

२. जागा ठरवा

/यूएसआर च्या आत एपीटीचा कारभार चालतो. अपवाद फक्त /यूएसआर/लोकल चा. डेबियनच्या धोरणानुसार पॅकेजांनी तिथे फाइली टाकायच्या नसतात. म्हणून बहुतेक सोर्सचं 'कॉन्फिगर' आपणहून /यूएसआर/लोकल हीच जागा धरतं, आणि बहुतेक लोक तिथेच बसवतात.

एपीटी तिथे हात लावत नाही हे खरं. पण एपीटीने बसवलेले प्रोग्रॅम तिथल्या लायब्ररी वापरतात, आणि नेमकं हेच लक्षात घेतलं जात नाही. उबुंटूवर लायब्ररी शोधण्याचा क्रम /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी या फोल्डरमधल्या फाइलींवरून ठरतो. त्या नावाच्या वर्णक्रमाने वाचल्या जातात आणि /यूएसआर/लोकल/लिब सांगणारी फाइल आधी येते. म्हणजे एकाच नावाची लायब्ररी दोन्हीकडे असेल तर तुमची निवडली जाते, एपीटीची नाही.

कर्लमध्ये हे हमखास घडतं. तिच्या लायब्ररीचं अंतर्गत नाव २००६ पासून लिबकर्ल.एसओ.४ हेच आहे. नवी कर्ल /यूएसआर/लोकल मध्ये टाकली की एपीटीच्या स्वतःच्या कर्ल कमांडसकट जे जे प्रोग्रॅम लिबकर्ल.एसओ.४ वापरतात ते सगळे तुमच्या प्रतीकडे वळतात. 'नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल' असा इशारा दिसायला लागला तर समजा की हेच झालं आहे. तुम्हाला एकच प्रोग्रॅम बदलायचा होता, पण पाया बदलला गेला.

टेसरॅक्टच्या चौथ्या आणि पाचव्या आवृत्तीच्या लायब्ररींची नावं वेगळी आहेत, एसओ.४ आणि एसओ.५. त्यामुळे इथे टक्कर होत नाही. तरीही मी हे सॉफ्टवेअर /ऑप्ट मध्ये, आवृत्तीच्या नावाच्या स्वतंत्र फोल्डरात ठेवायला सांगेन:

/ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.०

सगळ्या फाइली एका जागी राहतात. दुसरी आवृत्ती शेजारी बसवता येते. काढायचं झालं तर एक फोल्डर पुसायचा. /यूएसआर/लोकल मध्ये मात्र तुमच्या दहा सॉफ्टवेअरच्या फाइली एकमेकींत मिसळतात, आणि सहा महिन्यांनी कुठली कोणाची हे ओळखता येत नाही. ग्नू स्टो हे साधन त्यावर उतारा म्हणून चांगलं आहे, पण एका-दोन सॉफ्टवेअरसाठी /ऑप्ट पुरतं.

> इशारा: प्रिफिक्स (कॉन्फिगरला सांगायची बसवण्याची जागा) म्हणून नुसतं /यूएसआर कधीही देऊ नका. एपीटीच्या फाइलींवर तुमच्या फाइली लिहिल्या जातील, पुढच्या अपडेटला एपीटी त्यावर स्वतःच्या लिहील, आणि दोन्ही आवृत्त्यांची सरमिसळ होईल.

३. एपीटीचं टेसरॅक्ट तसंच राहू द्या

ही पायरी म्हणजे काहीतरी न करणं आहे, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. जुनं काढल्याशिवाय नवं चालणार नाही अशी समजूत असते. काढल्याने काय होईल ते प्रत्यक्ष न काढता बघता येतं:

एपीटी-गेट -एस रिमूव्ह टेसरॅक्ट-ओसीआर

'-एस' मुळे फक्त यादी दिसते, काहीही पुसलं जात नाही. एपीटीतून ओसीआर-माय-पीडीएफ बसवलेलं असेल तर ते या यादीत दिसेल. तुम्ही /ऑप्ट मध्ये काय बसवलं आहे हे एपीटीला कधीच कळणार नाही. अवलंबित्व तो फक्त स्वतःच्या नोंदीत शोधतो. तेव्हा त्याची आवृत्ती त्याच्याकडे राहू द्या आणि तुमची शेजारी बसवा.

४. बिल्डला लागणारं सामान

सुडो एपीटी अपडेट

सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल ऑटोकॉन्फ ऑटोमेक लिबटूल पीकेजी-कॉन्फिग ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह गिट लिबलेप्टोनिका-डेव्ह

यातलं शेवटचं नाव महत्त्वाचं. टेसरॅक्ट चित्रं वाचण्यासाठी लेप्टोनिकावर अवलंबून आहे. लेप्टोनिका आधीपासून बसलेली असते, पण ती चालवण्यापुरती. बिल्डसाठी तिच्या हेडर फाइली लागतात आणि त्या '-डेव्ह' नावाच्या पॅकेजात येतात. 'लायब्ररी तर आहे, मग सापडत नाही असं का म्हणतंय?' या प्रश्नाचं उत्तर दहापैकी नऊ वेळा '-डेव्ह' राहिलं हेच असतं.

टेसरॅक्टबरोबर लेप्टोनिकाही सोर्समधून बांधायचा सल्ला काही जण देतात. तो मानू नका. टेसरॅक्ट ५ ला लेप्टोनिका १.७४ किंवा त्यापुढची लागते आणि २२.०४ वर १.८२ आहे. शिवाय लेप्टोनिका स्वतः बांधताना पीएनजी किंवा टिफच्या '-डेव्ह' फाइली नसल्या तर ती तक्रार न करता त्या प्रकारच्या चित्रांशिवायच तयार होते. मग टेसरॅक्ट नीट बसतं, चालूही होतं, पण स्कॅनची फाइल उघडत नाही. दोष भलत्याच ठिकाणी शोधण्यात वेळ जातो. नियम असा ठेवा की एपीटीकडे पुरेशी नवी आहे ती प्रत्येक लायब्ररी एपीटीकडूनच घ्यायची आणि सोर्समधून फक्त वरचा एक प्रोग्रॅम.

दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी लागणाऱ्या लायब्ररींची यादी सापडत नसेल तर 'एपीटी बिल्ड-डेप' आणि पॅकेजचं सोर्स-नाव द्या. जुन्या आवृत्तीच्या बिल्डला जे लागतं ते तो आणून देतो, आणि नव्यालाही बहुतेक तेच लागतं. 'डेब-एसआरसी' ओळी नाहीत अशी तक्रार आली तर 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स' मध्ये जाऊन सोर्स कोडचा पर्याय चालू करा.

> तपासणी: या पायरीत काय काय बसलं याची नोंद /व्हीएआर/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग मध्ये तारखेसह होते. पुढे साफसफाई करताना ती लागेल.

५. ठरावीक आवृत्तीचा सोर्स उतरवा

घरच्या फोल्डरात, सुडोशिवाय:

गिट क्लोन --डेप्थ १ --ब्रँच ५.५.० (पुढे प्रकल्पाच्या गिटहब पानावरचा क्लोनचा पत्ता)

'--ब्रँच ५.५.०' विसरलात तर मुख्य शाखेचा आजचा, अजून काम चालू असलेला सोर्स येतो. तो बांधला गेला तरी पुढे काही बिघडलं तर तुमच्याकडे नेमकं काय आहे हे कोणालाच सांगता येणार नाही.

झिप किंवा टार फाइल घेत असाल तर एक लक्षात ठेवा. गिटहब आपोआप तयार करतं त्या सोर्सच्या गठ्ठ्यात 'कॉन्फिगर' नावाची फाइल नसते, ती आधी तयार करावी लागते. 'कॉन्फिगर: नो सच फाइल' हे वाचून गठ्ठा खराब आहे असं समजून पुन्हा उतरवत बसू नका. प्रकल्पाने चेकसम किंवा सही दिलेली असेल तर ती मात्र याच वेळी ताडून बघा.

६. कॉन्फिगर: सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

सोर्सच्या फोल्डरात जाऊन:

./ऑटोजेन.एसएच

एमकेडीआयआर बिल्ड

सीडी बिल्ड

../कॉन्फिगर --प्रिफिक्स=/ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.०

वेगळा 'बिल्ड' फोल्डर करण्याचं कारण साधं आहे. काही चुकलं तर तेवढा पुसून पुन्हा सुरुवात करता येते आणि मूळ सोर्स कोरा राहतो.

कॉन्फिगर शंभरेक ओळी छापतं आणि लोक त्या सरकू देतात. तसं करू नका. बऱ्याच ओळींच्या शेवटी 'येस' किंवा 'नो' असतं. 'नो' दोन प्रकारचं. एकाने कॉन्फिगर तिथेच थांबतं. उदाहरणार्थ लेप्टोनिका सापडली नाही तर १.७४ किंवा नंतरची हवी असं स्पष्ट सांगून ते बाहेर पडतं. दुसरं 'नो' गप्प असतं. एखादी ऐच्छिक लायब्ररी नसेल तर ती सोय वगळून काम पुढे चालतं. टेसरॅक्टमध्ये लिबकर्ल आणि लिबआर्काइव्ह अशा ऐच्छिक आहेत आणि नुसत्या ओसीआरला त्यांची गरज नाही. पॅंगो आणि कैरो लागतात ते स्वतः प्रशिक्षण करणाऱ्यांना. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र असं गप्प 'नो' म्हणजे तुम्हाला हवी होती नेमकी तीच सोय गायब, असंही होऊ शकतं.

चूक समजली नाही तर शेवटच्या ओळीवर अडकू नका. त्याच फोल्डरातली कॉन्फिग.लॉग उघडा. तिच्यात कोणता प्रयोग करून बघितला आणि तो का फसला हे असतं. तिच्या सुरुवातीलाच तुम्ही दिलेली पूर्ण कमांडही असते, म्हणून ही फाइल जपून ठेवा.

> इशारा: प्रिफिक्स इथे एकदाच ठरतो. डेटा कुठे शोधायचा तो पत्ता प्रोग्रॅमच्या आत लिहिला जातो. नंतर फोल्डर दुसरीकडे हलवून किंवा 'मेक इन्स्टॉल' ला वेगळा प्रिफिक्स देऊन भागत नाही. जागा बदलायची असेल तर बिल्ड फोल्डर पुसा आणि कॉन्फिगरपासून पुन्हा सुरू करा.

७. मेक, सुडोशिवाय

मेक -जे४

चारच्या जागी तुमच्या प्रोसेसरच्या कोअरची संख्या. ती 'एनप्रोक' कमांड सांगते. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दोनच ठेवा. 'किल्ड' आणि 'सीसी१प्लस' हे शब्द एकाच ओळीत दिसले तर कोडमध्ये चूक नाही, रॅम संपली आहे. आकडा कमी करून तीच कमांड पुन्हा द्या, काम राहिलं तिथून पुढे चालू होईल.

इथे सुडो लावायचं काहीच कारण नसतं. लावलंत तर तुमच्याच घरात रूटच्या मालकीच्या फाइली तयार होतात आणि पुढच्या वेळी साधी मेकही 'परमिशन डिनाइड' म्हणते. मग त्यावर पुन्हा सुडो, असं ते वाढत जातं.

बिल्ड फोल्डरात आता टेसरॅक्ट नावाची फाइल दिसेल. ती अजून खरा प्रोग्रॅम नाही. लिबटूलने बनवलेली ती एक छोटी स्क्रिप्ट आहे. तिच्यावर 'एलडीडी' (प्रोग्रॅमला कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) चालवून 'डायनॅमिक एक्झिक्युटेबल नाही' असं उत्तर आलं तर घाबरू नका.

८. बसवण्याआधी रंगीत तालीम

कोणती फाइल कुठे जाणार हे आधी बघून घ्या:

मेक इन्स्टॉल डेस्टडीआयआर=/टीएमपी/तालीम

डेस्टडीआयआर मोठ्या अक्षरांत. हिने सगळं /टीएमपी/तालीम च्या आत बसतं, सिस्टिमला स्पर्शही होत नाही. 'लिबटूल --फिनिश' चालवायला विसरू नका असा इशारा येईल. तालमीत तो येणारच. मग यादी काढा:

फाइंड /टीएमपी/तालीम -टाइप एफ

प्रत्येक ओळ /टीएमपी/तालीम/ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.० ने सुरू झाली पाहिजे. एखादी फाइल /ईटीसी किंवा /यूएसआर कडे निघालेली दिसली तर ती काय आहे हे समजेपर्यंत पुढे जाऊ नका. टेसरॅक्टमध्ये तसं होत नाही, पण सिस्टमडीच्या सेवा किंवा मॅन-पानं वेगळ्या ठिकाणी टाकणारी सॉफ्टवेअर आहेत.

९. खरं बसवणं

इथेही मी 'सुडो मेक इन्स्टॉल' टाळतो. त्याऐवजी फक्त एक फोल्डर स्वतःच्या मालकीचा करून घ्या:

सुडो एमकेडीआयआर /ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.०

सुडो चाउन $यूझर /ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.०

मेक इन्स्टॉल

सुडो चाउन -आर रूट:रूट /ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.०

यात 'चाउन' म्हणजे मालक बदलण्याची कमांड, सी-एच-ओ-डब्ल्यू-एन. '$यूझर' मोठ्या अक्षरांत, आणि चौथ्या ओळीतली '-आर' सुद्धा.

मेक इन्स्टॉल साध्या वापरकर्त्याच्या हक्काने चालली, तर फोल्डरबाहेर लिहायचा प्रयत्न झाल्यास ती तिथेच अडते. रूटच्या हक्काने चालली असती तर तुम्हाला कळलंही नसतं. शेवटच्या ओळीने मालकी रूटकडे परत जाते, म्हणजे दुसरा कुठलाही प्रोग्रॅम तुमच्या नावाने त्या फाइली बदलू शकत नाही.

> तपासणी: 'एलडीडी /ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.०/बिन/टेसरॅक्ट' चालवा. लिबटेसरॅक्ट.एसओ.५ च्या समोर /ऑप्ट मधला पत्ता दिसला पाहिजे आणि कुठेही 'नॉट फाउंड' नको.

/ऑप्ट सारख्या नेहमीपेक्षा वेगळ्या जागेसाठी लिबटूल लायब्ररीचा पत्ता प्रोग्रॅमच्या आतच लिहून ठेवतं, म्हणून इथे 'एलडीकॉन्फिग' ची (सिस्टिमची लायब्ररींची यादी ताजी करणाऱ्या कमांडची) गरज पडत नाही. /यूएसआर/लोकल मध्ये बसवणाऱ्यांना मात्र शेवटी 'सुडो एलडीकॉन्फिग' द्यावंच लागतं. ते न दिल्यामुळे येणारी 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल' ही बहुधा सगळ्यात जास्त विचारली जाणारी चूक असेल. तिच्यावर उपाय म्हणून एलडी-लायब्ररी-पाथ (लायब्ररी आधी कुठे शोधायच्या ते सांगणारं चल) बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, कायमचा लिहून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नका. ती ओळ तुम्ही चालवाल त्या प्रत्येक प्रोग्रॅमला लागू होते, आणि आपण कर्लच्याच खड्ड्यात पुन्हा जातो.

१०. मराठीचा डेटा

आता टेसरॅक्ट चालवलंत तर ते भाषेची फाइल सापडत नाही म्हणून थांबेल. प्रोग्रॅममध्ये भाषा नसते. ती ट्रेनडडेटा नावाच्या वेगळ्या फाइलीत असते, आणि तुमचं टेसरॅक्ट ती इथे शोधतं:

/ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.०/शेअर/टेसडेटा

एपीटीचं 'टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर' पॅकेज बसवलेलं असेल तरी त्याची फाइल /यूएसआर/शेअर/टेसरॅक्ट-ओसीआर/४.००/टेसडेटा मध्ये असते. तुमचं नवं टेसरॅक्ट तिथे आपणहून बघत नाही.

चौथ्या आवृत्तीसाठीची फाइल पाचवीला चालते, त्यामुळे ती तिथून कॉपी केली तरी चालेल. पण एपीटीचं पॅकेज टेसडेटा-फास्ट या संचातलं आहे. जुनी पुस्तकं किंवा खराब छपाई असेल तर टेसडेटा-बेस्ट या संचातली मराठीची फाइल घ्या. तिला वेळ जास्त लागतो, पण जोडाक्षरांनी भरलेल्या मजकुरावर दोन्ही चालवून तुलना करण्यासारखी आहे. मराठीबरोबर 'इएनजी' (इंग्रजी) आणि 'ओएसडी' (पानाची दिशा आणि लिपी ओळखणारी) या फाइलीही ठेवा.

गिटहबवरून उतरवताना एक चूक फार होते. फाइलीऐवजी ती दाखवणारं वेबपान उतरतं, नाव मात्र बरोबर असतं. 'फाइल एमएआर.ट्रेनडडेटा' ही कमांड द्या. उत्तरात 'एचटीएमएल' आलं तर ते पुसा आणि 'रॉ' किंवा 'डाउनलोड' च्या दुव्यावरून पुन्हा घ्या.

> इशारा: टेसडेटा-प्रिफिक्स हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल बॅशआरसीमध्ये लिहू नका, आणि आधी लिहिलं असेल तर काढा. दोन्ही आवृत्त्या ते वाचतात, म्हणून एकीसाठी लिहिलेला पत्ता दुसरीलाही लागू होतो. शिवाय टेसडेटा फोल्डरात 'कॉन्फिग्ज' नावाचा उपफोल्डरही लागतो. नुसत्या भाषेच्या फाइली असलेल्या फोल्डराकडे बोट दाखवलंत की पीडीएफ काढताना 'रीड पॅरॅम्स फाइल' ची चूक येते.

११. नाव द्या, मग वापरा

सुडो एलएन -एस /ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.०/बिन/टेसरॅक्ट /यूएसआर/लोकल/बिन/टेसरॅक्ट५

नाव मुद्दाम टेसरॅक्ट५. नुसतं टेसरॅक्ट ठेवलंत तर पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) /यूएसआर/लोकल/बिन आधी येत असल्यामुळे सगळेच नवी आवृत्ती वापरू लागतील, ओसीआर-माय-पीडीएफ धरून. तसं हवं असेल तर ते विचार करून करा, अपघाताने नको. तपासून बघा:

टेसरॅक्ट --व्हर्जन

टेसरॅक्ट५ --व्हर्जन

टेसरॅक्ट५ --लिस्ट-लँग्ज

पहिलीला ४.१.१, दुसरीला ५.५.० आणि तिसरीत 'एमएआर' दिसलं पाहिजे. व्हर्जनच्या उत्तरात लेप्टोनिका आणि तिच्याबरोबर पीएनजी, जेपेग, टिफ यांचीही नावं येतात; ती आहेत का बघा. मग एक खरं पान:

टेसरॅक्ट५ पान.पीएनजी निकाल -एल एमएआर

मजकूर निकाल.टीएक्सटी मध्ये येईल. मजकुरात इंग्रजीही असेल तर 'एमएआर+इएनजी' द्या.

नाव बदलल्यावर किंवा दुवा हलवल्यावरही बॅश जुन्याच जागी जात असेल तर 'हॅश -आर' द्या. बॅश आधी सापडलेला पत्ता लक्षात ठेवतो. नक्की काय चालतंय याचा निकाल 'टाइप -ए टेसरॅक्ट' देते. 'व्हिच' पेक्षा मी हीच वापरतो, कारण ती एकाच नावाचे सगळे पत्ते क्रमाने दाखवते.

१२. पायथन, क्रॉन आणि बाकीचे

पायथनमधलं पायटेसरॅक्ट स्वतः काही ओळखत नाही, ते टेसरॅक्ट नावाची कमांड चालवतं. नवी आवृत्ती हवी तर स्क्रिप्टमध्ये टेसरॅक्ट-सीएमडी (टाइप करताना आडव्या रेघेच्या जागी अंडरस्कोर) या चलाला /ऑप्ट मधला पूर्ण पत्ता द्या. टेसरोसीआर या दुसऱ्या पायथन पॅकेजाचं वेगळं आहे. ते लायब्ररीशी थेट जोडलं जातं, म्हणून ते बांधताना पीकेजी-कॉन्फिग-पाथ मध्ये (हेही अंडरस्कोरने, आणि मोठ्या अक्षरांत) तुमच्या फोल्डरातलं लिब/पीकेजीकॉन्फिग द्यावं लागतं.

ओसीआर-माय-पीडीएफ एकदाच नव्या आवृत्तीने चालवायचं असेल तर त्याच ओळीत आधी पाथ द्या:

पाथ=/ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.०/बिन:$पाथ ओसीआरमायपीडीएफ -एल एमएआर आत.पीडीएफ बाहेर.पीडीएफ

दोन्ही 'पाथ' मोठ्या अक्षरांत. परिणाम तेवढ्या एका कमांडपुरता राहतो.

क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेत) रात्री काम लावणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. वापरकर्त्याच्या क्रॉनचा पाथ मुळात फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन इतकाच असतो. त्यात /यूएसआर/लोकल/बिन नाही. दिवसा टर्मिनलवर ५.५.० चालते आणि रात्री क्रॉन गुपचूप ४.१.१ चालवतो किंवा कमांड सापडत नाही म्हणून थांबतो. क्रॉनच्या ओळीत नेहमी /ऑप्ट पासूनचा पूर्ण पत्ता लिहा.

१३. नंतरची देखभाल

/ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.० मध्ये एक साधी मजकूर फाइल ठेवा: कुठून उतरवलं, कोणता टॅग, कॉन्फिगरची पूर्ण ओळ, एपीटीतून काय काय घेतलं, बसवल्याची तारीख. जपून ठेवलेली कॉन्फिग.लॉगही तिथेच टाका.

बिल्ड झाल्यावर '-डेव्ह' पॅकेजं काढून टाकायची असतील तर एक धोका ओळखून ठेवा. लेप्टोनिकाची लायब्ररी 'लिबलेप्ट५' ही बहुतेक वेळा दुसऱ्या पॅकेजाच्या मागून आपोआप आलेली असते. एपीटीच्या नोंदीत तिची कोणालाच गरज उरली नाही की 'ऑटोरिमूव्ह' ती काढून टाकतो आणि तुमचं टेसरॅक्ट५ बंद पडतं. आधीच सांगून ठेवा:

सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल लिबलेप्ट५

नवी आवृत्ती आली तर तिच्यासाठी नवा फोल्डर करा, जुन्यावर लिहू नका. नवी व्यवस्थित चालते असं दिसलं की टेसरॅक्ट५ चा दुवा तिच्याकडे वळवा आणि जुना फोल्डर काही दिवस ठेवा. प्रकल्पाच्या रिलीज-सूचना चालू करा. सुरक्षेची दुरुस्ती आली तर एपीटी तुम्हाला या प्रतीबद्दल काहीच सांगणार नाही.

उबुंटूची आवृत्ती बदललीत की पहिलं काम नवव्या पायरीतली 'एलडीडी' तपासणी. 'नॉट फाउंड' दिसलं तर त्या नावाची लायब्ररी नव्या आवृत्तीत वेगळ्या क्रमांकाची झाली आहे. जुनी लायब्ररी कुठून तरी शोधून आणू नका, सहाव्या पायरीपासून पुन्हा बांधा. त्याआधी पहिल्या पायरीतली 'एपीटी पॉलिसी' एकदा बघाच. २४.०४ वर गेलात तर ५.३.४ एपीटीतच आहे, आणि तेवढ्याने काम होत असेल तर तुमची प्रत काढून टाका:

सुडो आरएम /यूएसआर/लोकल/बिन/टेसरॅक्ट५

सुडो आरएम -आरएफ /ऑप्ट/टेसरॅक्ट-५.५.०

दुसरी ओळ देण्याआधी टेसडेटा फोल्डरात स्वतः प्रशिक्षित केलेली फाइल असेल तर ती बाहेर काढा. आणि पत्ता टाइप करताना /ऑप्ट च्या पुढे मोकळी जागा पडलेली नाही ना, हे एंटर दाबण्याआधी बघा.